शेवटाबद्दल प्रत्येकाचं मत होतं

१

"कुणी कुणाचा हात सोडला?" टॅम्सिननं विचारलं. "माझ्या पुस्तकात कुणीच कुणाचा हात सोडलेला नाही. माझ्या पुस्तकात बोट उलटते आणि पुस्तकच संपतं."

हॉलमध्ये टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

त्याआधी मात्र कुणी कुणाला बोलू देत नव्हतं. ऐन हिवाळ्यातला, जुलैचा पहिला बुधवार होता, बाहेर दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता. टेबलावर प्रत्येकानं घरून करून आणलेल्या पदार्थांच्या बश्या होत्या, त्यांत मर्लचा लेमन स्लाइस, म्हणजे लिंबाचा केक, आणि मधोमध ती कादंबरी, ‘भरतीची साक्ष’. आठशेच्या वर पानं. होबार्टच्या ग्रंथालयातून एकेका कादंबरीच्या दहा प्रती निळ्या पिशवीत भरून गावोगाव फिरवतात. एका गावच्या वाचक मंडळाची चर्चा झाली की पिशवी पुढच्या गावाला जाते. स्मोकी कोव्हचं मंडळ पाच जणांचं, तेव्हा पाच प्रती घरोघर गेल्या होत्या आणि पाच पिशवीतच पडून होत्या.

"मधली तीनशे पानं कापून टाकली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता," असं सुरुवातीलाच लॉरेननं जाहीर केलं होतं. लॉरेनचं धक्क्याजवळ गेस्ट हाउस आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असतं. "आणि डॉक्टरच खुनी, हे मी दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं होतं. शेवटी निघाला की नाही तोच?"

"एवढ्या वेळात मी एक होडी बांधली असती," क्लेम म्हणाला. क्लेम रडक पूर्वी फेरीबोटीचा कप्तान होता, मंडळातला एकुलता एक पुरुष.

"तुला रे कसला वेळ लागतो? नेहमीसारखं शेवटचं पान आधी वाचून मोकळा झाला असशील!" लॉरेननं त्याला छेडलं.

यावर क्लेमचं ठरलेलं उत्तर होतं. खुनी कोण ते कळल्याशिवाय त्याच्यासोबत सहा आठवडे काढायला मी काय वेडा आहे का, असं तो दर वेळी म्हणायचा आणि सगळे दर वेळी हसायचे. आज तो काहीच बोलला नाही. उठून त्यानं हॉलच्या शेगडीत लाकूड सरकवलं.

मंडळ चालवणाऱ्या एनिड पास्कोनं घसा साफ केला. "मला विचाराल तर शेवट फार परिणामकारक आहे," ती म्हणाली. एनिड गावच्या पोस्टात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेली, गावात तिच्या शब्दाला वजन. कादंबरी तिनं दीडशेव्या पानाच्या आतच सोडली होती.

मग मर्ल डेव्हेनी बोलली. मर्ल सहसा बोलत नाही. तिचा नवरा डेस समुद्रात बुडून गेल्यापासून महिन्यातली ही एक संध्याकाळ सोडली तर ती कुठे जातही नाही. "मला शेवट पटला नाही," ती म्हणाली. "माणूस घाबरला, हात सोडला, हे समजू शकते मी. पण एवढी वर्षं तिच्या दारी येत राहिला आणि तोंडातून शब्द नाही? आणि मग तिनंही काय केलं, तर दार लावून घेतलं. आधी ऐकून तरी घ्यायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण शेवट वाचला नाही हे कुणाला कळू नये म्हणून डोलवायच्या असतात, तशा. आणि नेमकं तेव्हाच, वृद्धाश्रमातली पाळी संपवून उशिरा आलेल्या टॅम्सिननं तो प्रश्न विचारला होता.

पाचही जणांनी आपापली पुस्तकं मागून उघडली. शेवटचं अख्खं प्रकरण शिवणीलगत साफ कापलेलं होतं. एनिडनं पिशवी ओतली. उरलेल्या पाच प्रतींचीही तीच गत.

"मला वाटलं, हल्ली असेच अर्धवट शेवट करतात," टॅम्सिन बिचारी म्हणाली.

डॉक्टर खुनी निघाल्याचं सांगणारी लॉरेन कानापर्यंत लाल झाली होती. पण हार मानेल ती लॉरेन कसली! तिनं बोट रोखलं. "थांबा. आपल्यापैकी शेवट एकीलाच माहीत आहे. मर्ल, तू तो वाचलास कुठे?"

मर्लनं आपली पर्स जवळ ओढली.

२

पिशवी आली तेव्हा एनिड बहिणीकडे गेली होती. आठवडाभर पिशवी या हॉलमध्येच होती आणि हॉलच्या चाव्या एनिडखेरीज तिघांकडेच होत्या. लॉरेनकडे, कारण हॉलचा हिशेब ती पाहते. क्लेमकडे, कारण शेगडी तो पेटवतो. आणि मर्लकडे, कारण फरशी ती पुसते.

"मर्लनं नाही केलं," क्लेम म्हणाला. आवाज जरा चढलाच त्याचा.

"मग तिला सांगू दे ना तोंडानं!"

मर्लनं सांगितलं नाही. तिनं पर्समधून हॉलची चावी काढली आणि टेबलावर ठेवली, पण ती टेबलाच्या कडेबाहेर ठेवल्यामुळे खणकन खाली पडली. "याचा निकाल लागेपर्यंत मी येणार नाही," एवढंच बोलून ती बाहेर पडली. तिच्या गाडीचे दिवे फार हळू लांब गेले. निकालासाठी पुढच्या बुधवारी पुन्हा जमायचं, असं मागे राहिलेल्यांनी ठरवलं.

एनिडला त्या रात्री जेवण गेलं नाही. ग्रंथालयाला काय सांगायचं याची काळजी होतीच, पण ती वरवरची. कादंबरी तिनं निवडली होती. कशी निवडली? यादीतली सगळ्यात जाड बघून, हिवाळा निघेल म्हणून. आणि न वाचताच सगळ्यांसमोर ‘परिणामकारक’ म्हणून बसली. आता त्याच पुस्तकापायी मर्लची एकुलती एक संध्याकाळ गेली. मर्लला ती परत मिळवून द्यायची तर पानं कुणी कापली ते शोधायला हवं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणावर ढकलण्याचं तोंड एनिडला उरलं नव्हतं.

सकाळी ती आधी लॉरेनकडे गेली. गेस्ट हाउसच्या फाटकाशी पत्रपेटी खांबासकट आडवी पडली होती.

"वॉलबीनं पाडली असणार," छोट्या कांगारूसारख्या त्या प्राण्यांवर लॉरेन करवादली. "रात्री उड्या मारत येतात मेले. चहा घेशील?"

"आधी खरं सांग. किती वाचलंस?"

लॉरेननं खिडकीबाहेर पाहिलं. "मागच्या कव्हरवरचा मजकूर."

"बस?"

"आणि डॉक्टर देखणा असल्याचं पहिल्या प्रकरणात आलं होतं. देखणा डॉक्टर म्हणजे तोच, नेहमीचंच आहे. तू नको डोळे वटारूस, एनिड. तू तरी वाचलंस का?"

एनिडनं चहा घेतला.

म्हणजे लॉरेनला शेवट माहीतच नव्हता. जो शेवट माहीत नाही तो लपवायची धडपड कोण करेल? पानं पातळ, झिजलेल्या पात्याच्या सुरीनं कापली होती. पण मासे साफ करायची तसली सुरी गावात घरटी एक होती, तेव्हा त्या धाग्याचा काही उपयोग नव्हता. राहिले दोघं. एक एनिडची जिवाभावाची मैत्रीण, दुसरा गावातला सगळ्यात भला माणूस.

"एक विचारू?" निघताना लॉरेन म्हणाली. "काल मर्लचा लेमन स्लाइस कुणी खाल्ला का? मी एक घास घेतला आणि रुमालात काढून टाकला. खारट होता गं! साखरेच्या जागी मीठ."

३

पुस्तकात काय होतं ते कळल्याशिवाय ते कुणाला सलत होतं ते कळणार नव्हतं. एनिडनं होबार्टला फोन लावला.

"पिशवी तुमच्याकडेच पहिल्यांदा आली होती, मॅडम. नव्या कोऱ्या प्रती होत्या," तिकडचा तरुण ग्रंथपाल म्हणाला. "आणि शेवट मी सांगू? वाचलात तर जास्त मजा येईल, खरंच."

"बाळा, माझ्याकडे तो नाहीये."

"बरं. मग डॉक्टर निर्दोष असतो."

"ते मला वाटलंच होतं. पुढे सांग."

त्यानं सांगितलं. कादंबरीतल्या बाईचा नवरा आणि नवऱ्याचा मित्र मासेमारीला जातात. बोट उलटते. उलटलेल्या बोटीवर मित्र एका हातानं लटकलेला असतो आणि दुसऱ्या हातानं त्यानं नवऱ्याला धरलेलं असतं. मग तो हात सोडतो. किनाऱ्यावर येऊन सांगतो, बोट उलटल्यावर तो मला दिसलाच नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं बाईला मदत करत राहतो. शेवटच्या पानावर तिला सगळं कळतं आणि ती त्याच्या तोंडावर दार लावते.

"मॅडम? आहात ना?"

एनिड होती, पण तिला भलतंच आठवत होतं. डेस डेव्हेनी गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला सँडविच तिनंच केली होती. शेवंडासारख्या क्रेफिशचे सापळे उचलायला दोघं गेले होते, डेस आणि क्लेम. लाट आली, बोट उलटली. चौकशीत क्लेम जे बोलला होता ते हॉलमध्ये गर्दी करून बसलेल्या सगळ्या गावानं ऐकलं होतं. "त्यानंतर मला तो दिसलाच नाही."

आणि अशा मर्लपुढे एनिडनं ही कादंबरी ठेवली होती, जाड आहे म्हणून. दीडशेच्या पुढची पानं आधीच वाचली असती तर समुद्र आला असता, बोट आली असती, आणि तिनं ती पुस्तकं वाटलीच नसती. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं फोन ठेवला.

मग तिच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. शेवट हा असा. तो मर्लनं नेमका सांगितला. पुस्तकात नसलेलं तिनं कुठून सांगितलं? पानं कापून घरी नेल्याशिवाय?

४

शनिवारी एनिड मर्लकडे गेली. मागच्या अंगणात क्लेमचा ट्रक उभा होता. दर हिवाळ्यात दर शनिवारी तो मर्लला फोडलेली लाकडं आणून देतो, भिंतीला रचून ठेवतो आणि मागच्या मागे निघून जातो. डेस गेल्यापासून यात खंड नाही. आणि चहाला आत ये म्हटलं तर एकदाही आत आलेला नाही. बुजरा आहे, असं गाव म्हणायचं.

मर्लच्या स्वयंपाकघरात कादंबरीची तिची प्रत फडताळावर होती. एनिडनं ती उचलली. एवढं जाड पुस्तक वाचलं की पाठीवर सुरकुत्या पडतातच. एनिडच्या प्रतीवरसुद्धा थोड्या होत्या. या प्रतीची पाठ गुळगुळीत होती आणि पानं एकमेकांना चिकटलेली होती. मागचं कापलेलं प्रकरण सोडलं तर ही कुणी उघडलीच नव्हती.

एनिडनं पुस्तक खाली ठेवलं. न उघडलेलं पुस्तक. मिठाचा लेमन स्लाइस. टेबल सोडून हवेत ठेवलेली चावी. लॉरेनच्या फाटकाशी आडवी पडलेली पत्रपेटी.

"वॉलबी नव्हता तो," ती म्हणाली. "मर्ल, तुला कितपत दिसतं?"

मर्ल बटाटे सोलत होती. तिचे हात थांबले. "कडेकडेचं दिसतं," ती म्हणाली. "मधलं सगळं धुरकट. अक्षर तर केव्हाच गेलं. ऑडिओ बुक मागवते आणि ऐकते."

"मग परवा सांगायचं नाही का तसं! लॉरेन एवढं बोलली तुला."

"आणि गाडीचा परवाना? डोळे गेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी काढून घेतील. इथून दुकान केवढं लांब आहे, बस येते का इकडे?" तिचा आवाज बारीक झाला. "मला ठाऊक आहे हे बरोबर नाही. त्या दिवशी पत्रपेटीच्या जागी कुणाचं पोर असतं तर? मला झोप लागत नाही, एनिड."

म्हणजे मर्लनं शेवट ऐकला होता. ती पानं कापेल कशाला? ज्यानं कापली त्याला वाटत होतं की मर्ल पुस्तक डोळ्यांनी वाचते. आणि एकच प्रत कापून भागणार नव्हतं. कुठली प्रत तिच्या हाती पडेल कोण सांगणार, आणि एकीत पान नसलं तर ती दुसरी मागून घेईल. म्हणून दहाच्या दहा.

बाहेर लाकडं एकावर एक पडल्याचे आवाज येत होते. एनिडला आता थांबावंसं वाटत होतं. बुधवारी मर्लला निर्दोष ठरवायला डोळ्यांची गोष्ट पुरेशी होती, पुढचं न बोलता निघून जाता आलं असतं. पण दीडशेव्या पानावर थांबायची सवयच तिला इथवर घेऊन आली होती.

"आपण सगळे शेवटपर्यंत पोचत नाही," ती सावकाश म्हणाली, "म्हणून पानं गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. टॅम्सिनच्या आलं ते परवा. पण आपल्यात एक जण असा आहे की जो पुस्तक उघडतोच मागून. पुस्तक हातात पडल्याच्या दिवशीच त्याला कळायला हवं होतं. त्यानं बोंब मारायला हवी होती. सहा आठवडे तो गप्प राहिला. आणि परवा लॉरेननं त्याला त्यावरून छेडलं तेव्हाही तो..."

"लाकूड सरकवायला उठला," मर्ल म्हणाली. "मी ऐकलं."

एनिड बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"कादंबरी ऐकली तेव्हा मनात पाल चुकचुकली. आत न येणारा माणूस, दर शनिवारची लाकडं. परवा ते शेवटाबद्दल मी त्याला ऐकू जावं म्हणूनच बोलले. पानंच कापलीत हे कळलं तेव्हा खात्री झाली." तिनं सुरी खाली ठेवली, चाचपडत ओट्याच्या कडेपासून आत सरकवली. मग ती मागच्या दाराशी गेली आणि दार सताड उघडलं. "क्लेम! आत ये."

"बूट चिखलाचे आहेत, मर्ल."

"असू देत. आत ये म्हटलं ना."

५

तो आत आला. टोपी हातात धरून दाराशीच उभा राहिला. एनिडनं निघण्यासाठी पर्स उचलली तर मर्ल म्हणाली, "तू बस. पुस्तक तूच आणलंयस."

क्लेमनं कोटाच्या आतल्या खिशातून पानांची चळत काढली आणि टेबलावर ठेवली. नीट दोरी बांधलेली होती. "शेगडीत टाकायला म्हणून कापली," तो म्हणाला. "टाकवली नाहीत. तुझ्यावर आळ येईल असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. उद्या सांगणारच होतो सगळ्यांना."

"पानांचं मला ऐकायचं नाही. ते ऐकून झालंय माझं." मर्ल खुर्चीत बसली. "तुझं सांग."

क्लेमनं एनिडकडे पाहिलं. एनिडनं नजर वळवली नाही, तेवढं तरी ती त्याच्यासाठी करू शकत होती.

"तो मला दिसला होता," क्लेम म्हणाला. "दिसला नाही म्हणालो ते खोटं. माझ्या हातात हात होता त्याचा. पाणी फार गार होतं, मर्ल. माझा बोटीवरचा हात निसटायला लागला. मला वाटलं, बोट दोन्ही हातांनी धरली तर मी तरी वाचेन. असा विचार केला मी, शब्दशः असा. आणि सोडला हात. तो लगेच बुडाला नाही. त्यानं मला हाक मारली आणि मी तोंड फिरवलं."

"काय म्हणाला?"

"क्लेमी, म्हणाला. तेवढंच."

"तुला क्लेमी कुणी म्हणत नाही."

"आता नाही म्हणत कुणी."

मर्लचा चेहरा हलला नाही, पण ॲप्रनचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं. एनिडला रडू फुटलं. आपला यात काय अधिकार, असं वाटूनही थांबवता येईना. मर्ल उठली, फडताळावरून एक कप काढला, बोट आत घालून कप कुठवर भरला ते बघत चहा ओतला आणि क्लेमपुढे सरकवला.

"माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"लाकडं आणलीस म्हणून तर मुळीच नाही. त्यांचं मी आता दुसऱ्या कुणाला सांगेन. तू आलास तर रिकाम्या हातानं ये आणि पुढच्या दारानं ये. डेसबद्दल बोलायला दुसरं कुणी उरलेलं नाही माझ्याकडे." मग तिनं गाडीची किल्ली काढली आणि या वेळी टेबलाची कड आधी हातानं तपासून ती त्याच्यासमोर ठेवली. "आणि बुधवारी मला हॉलवर घेऊन जा. पानं तू कापलीस ते तू सांग, लॉरेनची पत्रपेटी मी पाडली ते मी सांगते. आज जे बोललास ते माझं आहे. ते कधी आणि कुणाला सांगायचं, मी ठरवीन."

क्लेमनं मान हलवली. किल्ली उचलायला त्याला वेळ लागला.

"आणि तू," मर्ल एनिडकडे वळली, "तूही सांग बुधवारी, वाचलं नाही म्हणून. ‘परिणामकारक’ म्हणतेस तेव्हा तू पुस्तक धड उघडलेलं नसतं. कितीतरी वर्षं मला ते माहीत आहे."

एनिडनं डोळे पुसले. "मी वाचलं असतं ना, मर्ल, तर हे पुस्तक तुझ्यापुढे येऊच दिलं नसतं."

"माहीत आहे मला," मर्ल म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी एवढी वर्षं तेच केलंत. माझ्यापुढे काही येऊच दिलं नाहीत."